तासाला वीस मिनिटं

दहावीच्या सहामाहीचा बीजगणिताचा पेपर. गुण ४०, वेळ दोन तास. घंटा झाली की उत्तरपत्रिका गोळा करायच्या, 'सर, एकच मिनिट' म्हणणाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही, ही माझी सव्वीस वर्षांची शिस्त. त्या दिवशी तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या हाताखालून मी पेपर अक्षरशः ओढला. तो लिहीतच होता. पेनाची एक वाकडी रेघ पानाच्या कडेपर्यंत गेली.

घरी तपासायला बसलो. पहिल्या काही गणितांत कुठेही चूक नव्हती. वर्गसमीकरण तर त्याने मी शिकवलेल्यापेक्षा दोन पायऱ्या जास्त घालून, प्रत्येक चिन्ह तपासत सोडवलं होतं. त्यानंतरची पानं कोरी. ४० पैकी १७. मी लाल शाईने शेरा मारला : 'आळस सोडा. वेग वाढवा.'

पालकसभेला त्याची आई आली. सगळे पालक जाईपर्यंत व्हरांड्यात थांबली. मग पिशवीतून प्लास्टिकची जाडजूड फाईल काढली, पण उघडली नाही, नुसती मांडीवर धरून बसली. म्हणाली, "सर, तो आळशी नाही. चार वर्षांचा होता तेव्हा त्याला ब्लड कॅन्सर झाला होता. अडीच वर्षं उपचार चालले. आता बरा आहे. डॉक्टर म्हणाले, एकदम बरा आहे." आणि लगेच, आवाज खाली आणून : "पण तुम्ही हे शाळेत कुणाला सांगू नका हां, सर."

तिच्या परवानगीने, गावाचं आणि मुलाचं नाव काढून, आज हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. पण त्या लाल शेऱ्याची लाज वाटली म्हणून वाचत गेलो, विचारत गेलो, आणि माझं मत असं झालं की बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगातून वाचलेल्या मुलांचा प्रश्न आता दवाखान्यापेक्षा शाळेचा आणि परीक्षा मंडळाचा जास्त आहे. आणि तो सोडवायला आपण समजतो तेवढे पैसे लागत नाहीत.

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत सर्वांत जास्त आढळतो तो अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. डॉक्टर 'एएलएल' म्हणतात, आईबाप 'ब्लड कॅन्सर'. दोन ते पाच या वयात तो सर्वाधिक दिसतो, म्हणजे मूल बोलायला शिकण्यापासून पाटीवर गिरवण्यापर्यंतच्या काळात. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना ॲमिनोप्टेरिन हे औषध दिलं, त्यातल्या १० मुलांत सुधारणा दिसली. ती टिकली नाही, पण हा आजार औषधाने मागे हटू शकतो हे जगाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथे संशोधनाचं नेतृत्व करत होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्या पाठ्यपुस्तकात हे नाव मला कधी आढळलं नाही, याचं मला शिक्षक म्हणून वाईट वाटतं. त्याच औषधाचं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. आजही एएलएलच्या जवळपास प्रत्येक मुलाला ते मिळतं.

१९६० च्या दशकात डॉक्टरांपुढे एक विचित्र अडचण आली. औषधांनी रक्त साफ व्हायचं, मूल घरी जायचं, आणि काही महिन्यांनी आजार मेंदूच्या आवरणात पुन्हा उगवायचा. रक्तातली औषधं मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीत, म्हणून रोग तिथे लपून बसायचा. अमेरिकेतल्या मेंफिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनल्ड पिंकेल यांनी यावर उपाय काढला : डोक्याला किरणांचा शेक द्यायचा आणि मेथोट्रेक्सेट थेट पाठीच्या मणक्यातून मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडायचं. जवळजवळ सगळी मुलं दगावत तिथे निम्मी मुलं वाचू लागली. वैद्यकशास्त्रात एवढी मोठी उडी क्वचितच कुणी मारली असेल.

त्याची किंमत कळायला दहा-पंधरा वर्षं गेली. शेक घेतलेली मुलं शाळेत मागे पडू लागली, आणि जेवढं वय लहान तेवढी जास्त. मग २४ ग्रेचा (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) शेक १८ वर आला, १८ चा १२ वर, आणि सेंट ज्यूडच्याच डॉक्टरांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की औषधं नीट दिली तर डोक्याच्या शेकाशिवायही मुलं तितकीच बरी होतात. शेकाची जागा मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रांनी आणि पाठीतल्या जास्त इंजेक्शनांनी घेतली. शेक गेला तसा प्रश्नही गेला, असं बऱ्याच जणांना वाटलं.

तो गेला नाही, सौम्य झाला. आणि सौम्य दुखण्याची एक गंमत असते, त्याला कुणी दुखणं म्हणत नाही.

२०१३ मध्ये सेंट ज्यूडने ५६७ प्रौढांची तपासणी प्रसिद्ध केली. लहानपणी एएलएल झालेली ही माणसं, निदानाला सरासरी २६ वर्षं उलटून गेलेली. शेक घेतलेल्यांची अवस्था जास्त वाईट होती, हे अपेक्षितच होतं. पण ज्यांनी फक्त केमो घेतला होता त्यांच्यातही लक्ष, स्मरण, वेग, कामाची आखणी या सगळ्यांत अडचण असलेल्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त निघालं. केमोनंतर एकूण बुद्ध्यंक फारसा घसरत नाही. नोकरी, संसार, सगळं बहुतेकांचं होतं. जे अडतं ते नेमक्या काही जागी : विचाराचा वेग, लक्ष टिकवणं, आणि एक गोष्ट डोक्यात धरून दुसरी करणं. शाळेच्या विषयांत याचा पहिला फटका गणिताला बसतो.

असं का होतं, हे मला समजलं तेवढं सांगतो. मेंदूतल्या लांब तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन चढत जातं. आमच्या तालुक्याच्या भाषेत सांगायचं तर रस्ता आधीच असतो, हे डांबरीकरण. ते जन्मापासून सुरू होतं आणि विशी ओलांडेपर्यंत चालतं. आखणी, संयम, लक्ष यांची सूत्रं सांभाळणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी पुरा होतो. मेथोट्रेक्सेट फोलेट या जीवनसत्त्वाची वाट अडवतं, त्यामुळे कर्करोगाच्या पेशी उपाशी मरतात. पण वेष्टन बांधणाऱ्या पेशींनाही फोलेट लागतं. काम ऐन भरात असताना डांबराचा पुरवठा तुटला, तर गाडी गावाला पोचते, पण पोचायला वेळ लागतो. त्यात व्हिन्क्रिस्टिन हे दुसरं औषध हातापायांच्या नसांवर परिणाम करतं. काही मुलांचं पाऊल चालताना घासतं, बोटांत पेन नीट धरवत नाही. शिवाय महिनोन्‌महिने चालणाऱ्या स्टेरॉइडने झोप आणि स्वभाव बिघडतो तो वेगळाच.

या सगळ्यात फसवी गोष्ट आहे ती वेळेची. उपचार संपतात तेव्हा मूल सहा-सात वर्षांचं असतं, कविता म्हणतं, पाढे म्हणतं. आई म्हणते, देवाची कृपा. पहिली ते चौथी बरी जाते. मुलाचं काही हरवत नाही, बाकीची मुलं ज्या वेगाने पुढे जातात तो वेग त्याला येत नाही, एवढंच. पाचवी-सहावीत लांब भागाकार आणि अपूर्णांक येतात, आठवीत भूमिती येते, आणि अंतर दिसू लागतं. तोवर आजार होऊन सात-आठ वर्षं झालेली असतात. फाईल कपाटाच्या वरच्या खणात गेलेली असते. दोन गोष्टींचा संबंध लावायला कुणी उरलेलं नसतं.

आता वर्गात हे कसं दिसतं ते सांगतो, कारण माझ्यासारख्या मास्तरांना शास्त्रापेक्षा तेच उपयोगी पडेल. त्या मुलाच्या वह्या मी मागवून घेतल्या. फळ्यावरचं गणित उतरवताना त्याची तिसरी-चौथी ओळ नेहमी गळलेली. मला वाटायचं, लक्ष नाही. खरं म्हणजे फळ्याकडे बघायचं, ओळ डोक्यात धरायची, मान खाली घालायची, लिहायचं, पुन्हा मान वर करून नेमकी तीच जागा शोधायची, या एका साध्या क्रियेत पाच कामं असतात. तो चौथ्या ओळीला पोचायच्या आत मी डस्टर फिरवलेलं असायचं. तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर, पण प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये शांतता. ती शांतता मी कधी पुरी होऊ दिली नाही. "बस खाली, पुढचा सांग." सव्वीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल! तीन सूचना एकदम दिल्या की तो पहिली करायचा आणि उरलेल्या विसरायचा. सकाळी बरा असायचा, जेवणाच्या सुट्टीनंतर पार गळून जायचा. अक्षर पहिल्या पानावर टपोरं, चौथ्या पानावर कोंबडीचे पाय.

यातलं एकही लक्षण 'आजारी मूल' म्हणून डोळ्यांत भरत नाही. प्रत्येकाला आपल्याकडे तयार नाव आहे : धांदरट, मंद, आळशी, कामचुकार. आपल्या भाषेत हळू माणसासाठी चांगला शब्द शोधायला गेलात तर पंचाईत होईल.

इथे मला माझा मुख्य मुद्दा मांडायचा आहे. औषधाचा परिणाम अमेरिकेतल्या मुलावर होतो तसाच आपल्या मुलावर होतो. पण त्याची झळ किती बसते हे परीक्षा काय मोजते यावर ठरतं. आपली परीक्षा वेग मोजते. ज्ञान किती आहे हे विचारण्याचा आव आणते आणि दोन तासांत किती कागद भरला ते बघते. वरून स्वच्छ अक्षराचा आग्रह. लहानपणीच्या केमोने मुलाची जी एक गोष्ट कमी केलेली असू शकते, तीच नेमकी आपण सर्वांत महाग लावली आहे. काही स्पर्धा परीक्षांत तर प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही.

आणि मोजमापाची अवस्था काय? आपल्याकडे बुद्धी मोजण्याच्या चाचण्यांचा इतिहास जुना आहे. कामतांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने चाचणी बेतून घेतली. पुढे नागपूरला मालिन यांनी भारतीय मुलांसाठी वेश्लरच्या चाचणीचं रूपांतर केलं. आजही अनेक ठिकाणी याच दोन्ही वापरतात, आणि शेवटी कागदावर येतो एक आकडा. ९४. पालक खूश, शाळा खूश, कारण ९४ म्हणजे सर्वसाधारण. पण शब्दसंपत्ती ११० ची आणि वेग ७५ चा असं मूलही त्या एका आकड्यात बसतं. सरासरीच्या खाली काय काय झाकलं जातं हे गणिताच्या मास्तराला कुणी सांगायला नको.

कायद्याचं म्हणाल तर ही मुलं अधांतरी आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. थॅलेसिमिया आहे, हिमोफिलिया आहे, सिकल सेल आहे, आणि ते असायलाच हवेत. रक्ताच्या कर्करोगातून वाचल्यानंतर उरणारी अडचण त्या यादीत नाही. बौद्धिक अक्षमतेत बसवावं तर बुद्ध्यंक चांगला. अध्ययन अक्षमतेत बसवावं तर मूल वाचतं, लिहितं, हिशेब करतं, फक्त हळू. महाराष्ट्राला या बाबतीत नावं ठेवता येणार नाहीत. अध्ययन अक्षमतेच्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात आपल्याकडे १९९० च्या दशकातच झाली. मुंबईच्या शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी होते, प्रमाणपत्र मिळतं, जादा वेळ मिळतो. म्हणजे यंत्रणा आहे, दार आहे. या मुलांना त्या दारातून आत जायचं तर दुसऱ्याच्या नावाने जावं लागतं.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार खटल्यात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला होता, कारण तो किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या चौकटीत बसत नव्हता. न्यायालय म्हणालं, वाजवी सोय हा हक्क टक्केवारीला बांधलेला नाही. आरक्षण वेगळं, सोय वेगळी. या तर्काचा हात धरून एएलएलमधून वाचलेल्या मुलांना जादा वेळ देता येतो असं मला वाटतं, आणि राज्य मंडळाने कुणी न्यायालयात जायची वाट न बघता तो द्यावा. तासाला वीस मिनिटं, जेवढा इतर दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळतो तेवढाच. प्रमाणपत्र कर्करोग रुग्णालयाचं किंवा तिथल्या मानसशास्त्रज्ञाचं मानावं. आईने गावाहून तीन खेपा करून जिल्हा रुग्णालयात पुन्हा पहिल्यापासून सगळं सिद्ध करावं, हे नको.

माझ्या सहकाऱ्यांशी बोललो तेव्हा पहिला आक्षेप आला तो गैरफायद्याचा. खोट्या प्रमाणपत्रांचा बाजार आपण सगळ्यांनी पाहिला आहे, तेव्हा ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण अस्थिमज्जेच्या तपासणीचा अहवाल, अडीच वर्षांच्या रक्ताच्या नोंदी, पाठीतल्या प्रत्येक इंजेक्शनची तारीख असलेली चार बोटं जाडीची फाईल कुणी बारा गुणांसाठी बनावट करत नाही. आणि वेळेचं एक मी अनुभवाने सांगतो. ज्याला येत नाही त्याला तीन तास जास्त द्या, तो खिडकीबाहेर बघत बसेल. जादा वेळाचा फायदा ज्याला येतं त्यालाच होतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो एका तरुण डॉक्टरने माझ्याकडे मांडला. तो म्हणाला, सर, आमच्याकडे आधी मुलं वाचवायची लढाई आहे. अर्ध्यातून उपचार सोडून जाणारे आहेत, पोचतच नाहीत असे आहेत, मुंबईत परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाबाहेर फुटपाथवर झोपून तारखेची वाट बघणारे आहेत. अशा वेळी दहा वर्षांनी गणित जमेल का, ही चैनीची काळजी नाही का? आणि हे पालकांना सांगितलं तर घाबरून ते केमोच नाकारतील.

घाबरण्याचं त्याचं म्हणणं खरं आहे, म्हणून इथे ठळकपणे लिहितो : या आजारावर उपचार न घेणं म्हणजे मूल गमावणं. वेगात थोडी घट असलेलं मूल आणि फोटोतलं मूल, यांत निवड करायची असेल तर ती निवडच नाही. पाठीतली इंजेक्शनं टाळली तर आजार मेंदूत परततो, हे १९६० च्या मुलांनी जीव देऊन शिकवलं आहे. पण सांगायचं कधी, याला उत्तर आहे. निदानाच्या दिवशी आईच्या कानांत काहीच शिरत नसतं. ज्या दिवशी शेवटची गोळी संपते, पेढे वाटले जातात, त्या दिवशी सांगा. त्या दिवशी ती ऐकू शकते.

आणि चैनीचं म्हणाल तर आपल्याच डॉक्टरांनी ती चैन केव्हाच सुरू केली आहे. टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना १९९१ पासून चालतो. अशा मुलांनी मोठं झाल्यावर एकत्र येऊन 'उगम' नावाचा गट २००९ मध्ये उभा केला. बालकर्करोगाच्या उपचारात मानसिक-सामाजिक बाजूचे किमान निकष अमेरिकेतल्या पुढाकाराने २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मेंदूच्या कामावर परिणाम होण्याचा धोका असलेल्या मुलांवर त्या दृष्टीने लक्ष ठेवावं हा त्यांतला एक आहे. माहिती परळमध्ये आहे. तिथून माझ्या शाळेपर्यंत साडेचारशे किलोमीटर अंतर आहे, आणि ते अंतर ती माहिती कापत नाही. रुग्णालय आणि शाळा यांच्यामधला एकमेव निरोप्या म्हणजे मुलाची आई. तिला आपण काहीच लिहून देत नाही, आणि तिच्याकडून मात्र अपेक्षा करतो की तिने 'कॉग्निटिव्ह' सारखा शब्द मुख्याध्यापकांना समजावून सांगावा.

म्हणून दवाखान्यांकडे माझी मागणी एका पानाची आहे. मराठीत, मोठ्या अक्षरात, शाळेच्या नावे. या मुलाला कोणते उपचार मिळाले, डोक्याला शेक दिला होता की नाही, पुढे काय दिसू शकतं, आणि शिक्षकांनी काय करावं : पुढच्या बाकावर बसवा, सूचना एकेक द्या, फळ्यावरचं छापून द्या, उत्तराला दहा सेकंद थांबा. एवढंच. ही गोष्ट मला बी.एड.ला कुणी शिकवली नव्हती. तपासणीचं म्हणाल तर उपचार संपताना एकदा करून भागणार नाही, कारण अंतर दिसतं ते नंतर. पाचवीत जाण्याआधी आणि आठवीत जाण्याआधी पुन्हा व्हायला हवी, आणि तिच्यात बुद्ध्यंकाच्या आकड्याबरोबर वेग आणि लक्ष यांचे आकडे वेगळे लिहून यावेत. याला पैसे लागतील, माणसं लागतील. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ मिळणं सोपं नाही, कबूल. पण तोवर ते एक पान तरी येऊ द्या.

आईबापांना मात्र एक गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळते. लपवण्याची. ते का लपवतात हे मला कळतं. मुलगा असेल तर लोक कीव करतील म्हणून. मुलगी असेल तर सरळ लग्नाची काळजी. आजाराचं नाव घराबाहेर काढायचं नाही असं अख्खं घर ठरवतं. आता अभ्यास काय सांगतात? लहान वयात उपचार झालेल्यांत जास्त परिणाम दिसतो, आणि बऱ्याच अभ्यासांत मुलींना मुलांपेक्षा जास्त झळ बसलेली आढळते. म्हणजे जिला वर्गात थोडा आधार सर्वांत जास्त लागेल, तिचीच फाईल सर्वांत खोल पुरलेली. ती मुलगी मागे पडली की घर म्हणतं, जाऊ दे, तिचं डोकं तेवढंच. तिची शाळा सुटली तरी आजाराला कुणी जबाबदार धरत नाही, कारण आजार तर झालाच नव्हता! गुप्तता पाळायची तर शाळेनेही पाळावी. दोन शिक्षकांना माहीत असणं आणि गावाला माहीत असणं यांत फरक आहे. पण शाळा गुप्तता पाळेल यावर त्या आईचा विश्वास बसावा असं आम्ही शिक्षकांनी आजवर काय केलं आहे, हा प्रश्न मी स्टाफरूममध्ये विचारला, तेव्हा चहा संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

यातलं सगळं औषधांमुळेच होतं असं मी म्हणत नाही. अडीच वर्षं शाळा बुडाली, बाप रजा काढून काढून नोकरी गमावून बसला, जमीन गहाण पडली, धाकटं भावंड मामाकडे वाढलं. अशा घरातल्या मुलाचं गणित कच्चं राहिलं तर त्यात मेथोट्रेक्सेटचा वाटा किती आणि कर्जाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. सगळ्या मुलांना त्रास होतो असंही नाही. अनेक जण कसलीही अडचण न येता पुढे जातात, डॉक्टर होतात, काही तर त्याच वॉर्डात परत कामाला येतात. पण परीक्षेच्या हॉलमध्ये कारण शोधण्याची गरज पडत नाही. कारण काहीही असो, हात हळू चालतो आहे, एवढं दिसलं तर पुरे.

आपल्याकडे या प्रश्नाची एक पिढी आधीच वयात आलेली आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने मुंबई, चेन्नई आणि दिल्लीत एमसीपी-८४१ या नावाची उपचारपद्धती सुरू झाली. तिने हजारो घरांत दिवे राखले. तिच्यात डोक्याचा शेक होता. त्या काळाला तेच योग्य होतं, त्याबद्दल कुणाला दोष देण्याचं कारण नाही. ती मुलं आज तिशी-चाळिशीत आहेत. कुणी दुकानात हिशेबाला बसताना गोंधळतं, कुणाची तिसरी नोकरी सुटलेली, कुणी घरात 'जरा विसराळू' म्हणून ठरलेलं. त्यांच्यापैकी कितींना कुणी सांगितलं असेल की हा तुमचा स्वभाव नाही, ही उपचारांची खूण आहे? नंतरच्या भारतीय उपचारपद्धतींत शेक थोड्याच मुलांपुरता ठेवत नेला आहे. पुढच्या मुलांचं बरं होईल. या मधल्यांसाठी परीक्षेची सवलत उशिराची आहे, पण निदान त्या 'आळस सोडा' वरची लाल शाई कुणी पुसायला हवी.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. ती शाळेचीच असते, म्हणून मुख्याध्यापकांना सांगून मी त्याला दोन तासांवर चाळीस मिनिटं जास्त दिली. वर्गात चर्चा नको म्हणून प्रयोगशाळेत बसवलं, दोन दुसऱ्या मुलांबरोबर, एकाचा हात प्लास्टरमध्ये होता. दोन तास झाले तेव्हा मी त्याच्याजवळ गेलो. त्याने सवयीने पेन खाली ठेवलं आणि उत्तरपत्रिका माझ्याकडे सरकवली. मी ती परत केली, खिशातलं काळं पेन दिलं आणि म्हटलं, "आता यापुढचं याने लिही."

निळ्या शाईचे १९ गुण झाले. काळ्या शाईचे १०. आलेखाचा प्रश्न त्याने सोडून दिला होता, आणि अंकगणिती श्रेढीचं एक उदाहरण काळ्या शाईतही चुकलं होतं. चुकलं म्हणून मी कापलं.

मंडळाच्या मार्चच्या पेपरला काळं पेन चालणार नाही हे त्याला माहीत आहे, मलाही. अर्ज केला आहे. कोणत्या प्रकारात मोडतो असा रकाना होता, तिथे काय लिहावं हे कार्यालयात कुणाला कळेना, म्हणून शेवटी 'इतर' वर खूण केली.

आई पेपर बघायला आली. बराच वेळ ती निळी शाई कुठे संपते तिथे बोट ठेवून उभी होती. मग तिने विचारलं, "सर, मे महिन्यात त्याची वर्षाची तपासणी आहे. याची झेरॉक्स काढून नेऊ का डॉक्टरांना दाखवायला?" मी म्हटलं, "ताई, रंगीत काढा. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही शाया सारख्याच दिसतील."